तूप कोण वाढणार

मागणी एका ओळीत मावणारी होती: माझ्या आतेभावाला मंडळाच्या पंगतीत तूप वाढायचं होतं.

पत्रकं लिहून लिहून हात तसाच तयार झालाय, म्हणून मागणी आधी आणि हकिगत नंतर. बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाला ही एक ओळ पचवायला सगळा फाल्गुन पुरला नाही.

दादा छत्तीस वर्षांचा आहे. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत, मिशी आहे, दाढी स्वतःची स्वतः करतो. जन्मापासून त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. बोलण्याआधी तो थांबतो, शब्द जुळवतो आणि मग बोलतो. हा थांबा लोकांना सोसवत नाही. तेवढ्या जागेत ते आपलं वाक्य घुसवतात, नाहीतर सरळ आत्तीकडे, म्हणजे त्याच्या आईकडे वळून विचारतात, "त्याला चहा चालतो का हो?" चहा त्याला चालतो. त्याला विचारलंत तर आलं घालून चालतो हेही कळेल.

दिवसा तो एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला कागदी पिशव्या, पणत्या आणि फिनेल यापलीकडे काही करावंसं वाटत असेल, ही शंका आपल्याकडे कुणाला येत नाही. येत असती तर त्याला आधी कुणीतरी विचारलं असतं.

आम्ही विचारलं. कोरमंगलात एका पीजी हॉस्टेलच्या तळमजल्यावर एक खोली आहे. ती शनिवारी दुपारी आमच्या गटाला मिळते. गट म्हणजे दादासारखी मोठी माणसं आणि माझ्यासारखे चारदोन जण, ज्यांचं काम सोबत करण्यापुरतं. नियम दोन. ज्याच्याबद्दल बोलायचं तो खोलीत असेल तर त्याच्याशी बोलायचं. आणि आईबापांनी बाहेर बसायचं. बाहेर बसून ते खिडकीला कान लावतात, तो भाग वेगळा.

एका शनिवारी प्रश्न होता: या वर्षी काय करायचंय? कुणाला एकट्यानं मेट्रोनं जायचं होतं. कुणाला मोबाइल हवा होता, आणि तो आईनं बघायचा नाही. दादा थांबला. आम्हीही थांबलो. मग म्हणाला, "तूप. पाडव्याला. मी वाढणार."

आमच्याकडची पंगत ज्यांनी पाहिली नसेल त्यांना यातली मेख कळायची नाही. पाडव्यानंतरच्या रविवारी मंडळाचं सहभोजन असतं, खाली जाजमावर, केळीच्या पानावर. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, पुरी, श्रीखंड, मग भाताची मूद आणि वरण. सगळं समोर असतं आणि कुणी बोट लावत नाही. शेवटी तूप येतं. शेवटच्या पानावर तूप पडलं की हर हर महादेवाचा गजर होतो आणि मग हात पानाकडे जातात. म्हणजे तूप घेऊन फिरणाऱ्या माणसाची सगळी पंगत वाट बघते. दादा लहानपणापासून आईशेजारी, ओळीच्या टोकाला, खांबाआड बसत आला. तिथून त्यानं हे वर्षानुवर्षं बघितलं होतं.

तालीम सुरू झाली. गटातली मंडळी स्टीलच्या ताटल्या घेऊन फरशीवर रांगेत बसायची. आधी भांड्यात पाणी, मग तेल. पळी तिरपी करायची, वर धरायची नाही, धार तुटली की पुढं. एक जण दर वेळी ताटली मागं ओढायचा. "मला नको. डाएट आहे."

"सरी," म्हणजे कानडीत बरं, असं म्हणून दादा पुढं जायचा.

"अरे, मी चेष्टा करत होतो."

"नको म्हणालास."

हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. आपल्याकडे पंगतीत नको म्हणायचं असतं, वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नसतं. आग्रह हा प्रकार दादाला ठाऊक नाही. ज्याचं नको आयुष्यात कुणी ऐकलं नाही, तो दुसऱ्याचं नको ऐकतो. आम्ही त्याला धार शिकवली, वाकायचं कसं ते शिकवलं. नको म्हणजे हो, हे शिकवायचं कुणालाच सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी मी शिकवलं नसतं.

मंडळाची बैठक हेब्बाळला, सचिवांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होती. सचिव पुण्याहून आलेले, आयटीत. माणूस वाईट नाही, हे मी दातओठ खाऊन लिहिते. दादा, आत्ती आणि मी गेलो. सचिवांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "हाय चॅम्प." दादा त्यांच्याहून वयानं मोठा आहे.

मागणी मी मांडायची नाही असं ठरलं होतं. दादानंच मांडली. "मला तूप वाढायचंय."

"वा वा," सचिव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, आयडिया फारच सुंदर आहे. पण प्रॅक्टिकली बघा ना. गर्दी असते, बायकांच्या पैठण्या असतात. त्याच्या हातून काही झालं तर त्यालाच वाईट वाटेल."

"त्याला विचारा," मी म्हटलं.

"हो, विचारू की. पण त्याला कळतं का सगळं?"

"तेही त्यालाच विचारा."

बैठकीत अण्णाही होते. अण्णा मंडळातले सगळ्यात जुने, चिकपेटात कापडाचं दुकान, पंगतीत गजर द्यायचा मान त्यांचा. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "तूप सांडलं तर जाजम कोण धुणार?"

"मी," दादा म्हणाला.

"सरी," अण्णा म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला.

सचिवांचा संपला नव्हता. त्यांच्याकडे आणखी सुंदर आयडिया होती. या वर्षी थीमच सर्वसमावेशकतेची घेऊ. स्टेज करू, दादाला आणि त्याच्या आईला वर बसवू, शाल-श्रीफळ देऊ, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. "लोकांना इन्स्पिरेशन मिळेल."

मला वाटलं, आता आत्ती ठणकावून नाही म्हणेल. घरात ती ठणकावते. पण आत्ती पदर सावरून म्हणाली, "तुम्ही म्हणता तर बसतो की आम्ही."

परतताना रिक्षा हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली अडकली. तिथंच मी फुटले.

"आत्ती, शाल कशाबद्दल देताहेत विचारलंस का? त्यानं काय पराक्रम केलाय? जन्मला, हाच?"

"तू ओरडू नकोस. डोकं दुखतंय."

"सत्कार म्हणजे गप्प बसवायची रीत आहे ही. वर बसवलं की खाली उतरून काही मागता येत नाही."

"तुझं पत्रक झालं वाचून?" आत्ती म्हणाली. "आता माझं ऐक स्वल्प. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नव्हतं. माहितेय तुला? नवी नवरी घरात असली की नक्कोच. माझी सावली पडली आणि तिला असलंच मूल झालं तर? तोंडावर कुणी म्हणालं नाही, आमच्या लोकांची तोंडं गोड. फक्त निरोप यायचा राहायचा. त्याच बायका समोर बसणार आणि मी वर बसणार. एक दिवस. तुझ्या तत्त्वाचं काय जातंय गं त्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, चांगलं चार परिच्छेदांचं. पण ते त्या बायकांना द्यायचं होतं, आत्तीला नाही. इतकी वर्षं निरोप विसरणाऱ्या बायका आणि त्यांना काकू, मावशी म्हणत वाकून नमस्कार करणारी मी. आणि आता हीच मंडळी शाल विकत आणून हात झटकणार. रिक्षा हलेना. माझं डोकं तापलं होतं.

दादा आम्हा दोघींच्या मध्ये बसला होता. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे थांब. थांबले.

"शाल आईला," तो म्हणाला. मग बराच वेळ गाड्यांचे भोंगे. "तूप मी."

आत्ती बाहेर बघायला लागली. "सरी," एवढंच म्हणाली.

मला ते पटलं नव्हतं. स्टेजवर आत्तीला बसवून माइकवर कोणते शब्द येणार ते मला पाठ होतं: त्याग, माउली, देवाची परीक्षा. मी त्या शब्दांविरुद्ध पत्रकं वाटलीत. पण हे काम असंच आहे. त्याचं म्हणणं पोचवायचं, माझ्या मताचा मसाला न घालता. घरी पोचल्यावर फोनवर दादा सचिवांशी बोलला, मी नुसता स्पीकर चालू केला. सचिव म्हणाले, "डन, चॅम्प. दोन्ही करू." इतक्या पटकन हो आलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी सभागृहाच्या दारात फ्लेक्स होता. "विशेष मुलांचा कौतुक सोहळा". मुलं म्हणजे दादा एकटा, नवा शर्ट घालून, मिशी कातरून. मी फ्लेक्सकडे बघत उभी राहिले तर दादा म्हणाला, "छोटी, चल. उशीर होईल."

शाल-श्रीफळ झालं. भाषणात माउली आली, त्याग आला, देव दोनदा आला. आत्ती ताठ बसली होती. समोरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि आत्ती एकेकीकडे सावकाश बघत होती. तिचं तिला मिळालं. मी त्यात पडत नाही.

मग पानं मांडली गेली. मंडळाची तरुण मुलं वाढायला लागली. वरण झालं, आणि सचिवांनी दादाच्या हातात तुपाचं भांडं दिलं. छायाचित्रकार पहिल्या पानासमोर गुडघ्यावर बसलाच होता. पहिल्या पानावर प्रमुख पाहुणे, सेवानिवृत्त मोठे अधिकारी. सचिव हलक्या आवाजात स्वयंसेवकाला सांगत होते. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "एक फोटो झाला की भांडं तू घे आणि भराभर वाढत सुटायचं. वेळ नाहीये."

म्हणजे त्याला एक पान मिळणार होतं, तेही फोटोपुरतं. महिनाभर तेल सांडून घासलेली फरशी, ताटल्या, पळीचा कोन, सगळं एका क्लिकसाठी. तिथंच सभागृहाच्या मध्यात उभं राहून भाषण ठोकावं असं मला झालं होतं. दादाच्या पंगतीत भाषण माझं झालं असतं, म्हणून गप्प राहिले.

दादा वाकला. "तूप?"

पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे बघत हसून पानावर आडवा हात धरला. रीतच तशी. "नको, नको, बाळ."

"सरी," दादा म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला.

छायाचित्रकाराकडे दादाच्या पाठीचा फोटो आला. पाहुणे हात तसाच धरून बसले. पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. सचिव धावले. "अरे, अरे, परत ये. साहेबांना वाढ."

"नको म्हणाले."

"अरे ते तसं म्हणायचं असतं."

दादा थांबला. विचार केला. "का?"

सचिव साहेबांकडे बघायला लागले. तोवर दुसऱ्या पानावरच्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, "मला हवं. वाढा हो." धार बरोबर मुदेवर पडली. तिसरं पान. "तूप?" "वाढा." पाचव्या-सहाव्या पानापर्यंत बातमी ओळीभर पोचली होती, नको म्हटलं तर खरंच मिळत नाही. मोठमोठी माणसं शहाण्या मुलांसारखी हो म्हणायला लागली. साहेबांनी मागून हाक मारली, "अहो, थोडं वाढा इकडे." दादा परत गेला, वाढलं, पुन्हा जागेवर आला. त्याला त्यात काही अपमानाचं वाटलं नाही आणि त्यांनाही वाटू नये.

पण तो सावकाश जात होता. प्रत्येक पानाशी वाकणं, विचारणं, उत्तराची वाट बघणं. एका धोतरावर ठिपका पडला. दादा थांबून "चुकलो" म्हणाला आणि पुढं गेला. भात निवत होता. कुणीतरी म्हणालं, "आज जेवण आहे की उपास?" सचिवांनी त्याचं कोपर धरलं. "चॅम्प, खूप छान झालं. आता दे इकडे." दादानं भांडं छातीशी धरलं. त्याच्या शर्टावर तूप आलं. कोपर सुटेना. स्वयंसेवकानं तोवर दुसरं भांडं आणून समोरची ओळ उरकली आणि दादाच्या ओळीच्या उलट्या टोकाकडून सुरू केली, खांबाच्या बाजूनं.

त्या टोकाला आत्ती बसली होती, शाल खांद्यावर. स्टेजवरून उतरून ती आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली होती. स्वयंसेवकानं पळी पुढं केली. आत्तीनं दोन्ही तळवे पानावर पसरले.

"काकू, तूप."

"नको."

"घ्या हो थोडं."

"नको म्हटलं की. माझ्या पानाचं तूप तिकडनं यायचंय." आणि मग, घरातल्या आवाजात, "अहो सचिव, हात सोडा त्याचा. लहान आहे का तो?"

सचिवांनी हात सोडला, पण हसून अण्णांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही गजर करून टाका. मागून होईल त्यांचं."

अण्णांनी मान वाकडी करून ओळीच्या टोकाकडे बघितलं. "पानं राहिलीत," ते म्हणाले.

"चारदोन तर पानं, अण्णा."

"राहिलीत ना? मग."

यात अण्णांची माया वगैरे नव्हती. उगाच त्यांना मोठं करत नाही. त्यांच्या गजराआधी सगळ्या पानांवर तूप लागतं, एवढंच. कुणाच्या हातचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आणि मला वाटतं, आम्ही इतकंच मागत होतो. मायेचं आम्ही काही मागितलं नव्हतं.

दादा त्याच चालीनं निघाला. "तूप?" "वाढा." "तूप?" "हो हो." माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. पलीकडची, तूप मिळालेलीसुद्धा. काही चिडलेली, काही घड्याळ बघणारी. बघू देत. आमची माणसं उभ्या जन्मात किती थांबली आहेत: शाळेच्या दाराशी, दाखल्याच्या खिडकीशी, लग्नघराच्या बाहेर आईबरोबर. त्यांच्यासाठी एक पंगत एक भात निवेपर्यंत थांबली. निवलेला भात खाऊन आजवर कुणी मेलेलं नाही.

आत्तीच्या पानाशी तो वाकला. तिलाही विचारलं, "तूप?"

"वाढ," आत्ती म्हणाली. धार तुटेपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

अण्णांनी गजर दिला. प्रतिसाद जोरात आला. भुकेनं आला असेल.

जेवताना एक बाई मला म्हणाल्या, "किती गोड आहे गं तुझा भाऊ." मी म्हटलं, तो गोड नाही, तो हट्टी आहे. त्यांना ते उद्धट वाटलं. वाटू दे. गोड माणसाला शाल देता येते. हट्टी माणसाला जागा द्यावी लागते, आणि तिथं सगळ्यांचं अडतं.

पहिली पंगत उठली, पानं उचलली, जाजम पुसलं. ठिपके दादानं स्वतः पुसले, ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या पंगतीची पानं मांडायला लागले तसे सचिव आले. घामाघूम झाले होते. आवाज मात्र मऊ होता. "ताई, मानलं. पण आता दुसरी पंगत मोठी आहे, मुलं करतील. त्याला जेवायला बसवा. पुढच्या वर्षी आपण नीट प्लॅन करून..."

"त्याला सांगा," मी म्हटलं.

सचिव वळले. या वेळी पाठीवर थाप मारली नाही. दादासमोर उभे राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं, पार 'पुढच्या वर्षी'पर्यंत. स्वयंसेवक बाजूलाच उभा होता, भांडं घ्यायला हात पुढं करून.

दादा थांबला. सचिव मध्ये काही बोलणार होते, बोलले नाहीत.

"भूक नाही," दादा म्हणाला आणि रिकामं भांडं स्वयंसेवकापुढं धरलं, भरून आणायला.